हडबीच्या शेंडीवरचा हिसका

वाळूजमध्ये हाइट पास म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. कारखान्यात शेडच्या पत्र्यावर किंवा टाकीच्या माथ्यावर काम करायचं असेल तर आधी एक परीक्षा द्यावी लागते. डॉक्टर रक्तदाब बघतात, डोळे बघतात. मग पट्ट्यांचा हार्नेस घालून माणसाला दोन पुरुष उंचीच्या लोखंडी बीमवर चालवतात. शेवटी, बीमच्या टोकाला, दोन्ही हात सोडून दोरावर लटकायला लावतात, वीस आकडे मोजेपर्यंत. दोर आपल्याला धरतो हे त्याच्या अंगाला कळावं म्हणून. हे जमलं की कार्डावर शिक्का बसतो आणि ते कार्ड म्हणजे हाइट पास. आमच्या कारखान्यात मी सेफ्टी खात्यात आहे. ही परीक्षा मी घेतो आणि खाली उभं राहून दोरही मीच धरतो.

माझा मित्र त्याच कारखान्यात ठेकेदाराकडून लागलेला फिटर होता. मूळचा लासूर स्टेशनजवळच्या खेड्यातला. बजाजनगरात आमच्या खोल्या एकाच गल्लीत होत्या. मी पर्मनंट आणि तो ठेक्यावरचा, म्हणून गेटच्या आत तो मला चेष्टेनं साहेब म्हणायचा आणि गेटबाहेर पाऊल पडलं की शिवी देऊन हाक मारायचा. दहा-अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. मग ठेका बदलला. नव्या ठेकेदाराकडं फक्त शेडच्या पत्र्यांचं आणि उंचावरच्या पाइपांचं काम होतं. त्यानं जुन्या माणसांना महिन्याची मुदत दिली. ज्याच्याकडं हाइट पास तो राहील, बाकीच्यांनी गाशा गुंडाळायचा.

आणि माझा मित्र उंचीला घाबरायचा. थोडाथोडका नाही. दोन वर्षांपूर्वी टाकीच्या शिडीवर अर्ध्यात जाऊन तो असा चिकटला होता की दोघांनी वर चढून त्याची बोटं एकेक करून सोडवली. ही गोष्ट अख्ख्या कँटीनला ठाऊक होती, कारण ती मीच सांगितली होती. नुसती सांगितली नव्हती, खांबाला मिठी मारून, डोळे घट्ट मिटून, करूनही दाखवली होती. तो समोरच्या टेबलावर डबा खात होता. सगळे हसले तसा तोही हसला. माझ्या नकला चांगल्या होतात.

मुदतीचं कळलं त्याच संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला. भिंतीवर माझे फोटो आहेत, कड्यांवर लोंबकळतानाचे. दर रविवारी मी एका गटाबरोबर चढाईला जातो. या फोटोंची त्यानं वर्षानुवर्षं टर उडवली होती. सुट्टीच्या दिवशी शहाणी माणसं झोपतात आणि हा दगडाला मिठ्या मारतो, असं तो गल्लीभर सांगायचा. त्या दिवशी मात्र तो एकेका फोटोपुढं थांबला. मग खाली मान घालून सांगू लागला. काम गेलं तर गावी मोठ्या भावाच्या घरात एक खोली मिळेल, पण तिथं जावेच्या हाताखाली बायकोचे काय हाल होतात ते त्यानं पाहिलं होतं. मुलगी इथल्या शाळेत चौथीत होती, तिला काढावं लागलं असतं. मी म्हटलं, एवढं काय, परीक्षा माझ्याच हातात आहे. तर तो चिडलाच.

"खोटा शिक्का नको मारू. उद्या खरंच पत्र्यावर जावं लागंल मला. माझी भीती तेवढी काढ."

मला हे बोलणं फार आवडलं. तो प्रामाणिक होता म्हणून नव्हे. अकरा वर्षं माझी टर उडवणारा माणूस माझ्या सतरंजीवर बसून मला काहीतरी मागत होता, म्हणून. मी त्याला जरा ताटकळत ठेवलं, चहा केला, आणि मग म्हणालो, बघतो.

तीन रविवार मी त्याला शहराजवळच्या लहान-मोठ्या दगडांवर नेलं. पट्ट्या कशा बांधायच्या, गाठ कशी तपासायची, उतरल्यावर हार्नेसची गुंडाळी कशी करायची, हे शिकवलं. तो फिटर होता, हाताला पक्का. एकदा दाखवलं की पुन्हा विचारत नव्हता. पहिल्या रविवारी तो थरथरला, दुसऱ्या रविवारी कमी थरथरला. चौथ्या रविवारी गटाबरोबर हडबीच्या शेंडीवर जायचं ठरलं. मनमाडच्या अलीकडं अनकाई-टनकाई किल्ल्यांची जोडी दिसते आणि तिच्या पलीकडं डोंगराच्या धारेवर एकच सुळका उभा राहतो, मुठीतून वर केलेल्या अंगठ्यासारखा. लासूरच्या पोरांनी तो गाडीच्या खिडकीतून शेकडो वेळा पाहिलेला असतो. त्यावर माणसं चढतात हे मात्र त्यांना खरं वाटत नाही.

आता आमच्या गटाची एक रीत सांगायला हवी. नवा माणूस पहिल्यांदा मोठ्या कातळावर गेला की त्याला हिसका द्यायचा. म्हणजे असं की दोर वर कातळात ठोकलेल्या बोल्टातून ओवलेला असतो. त्याचं एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला आणि दुसरं खालच्या माणसाच्या हातात. उतरताना नवा माणूस हात सोडून दोरावर टेकला, की खालच्यानं अचानक दोन हात दोर सोडायचा आणि पुन्हा आवळायचा. तेवढ्यात वरच्याच्या तोंडचं पाणी पळतं. मग सगळे हसतात, तो खाली आला की त्याला गुळाचा खडा देतात आणि तो गटातला होतो. आमचे म्होरके, ज्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणतो, ते सांगतात की दोर आपल्याला धरतो हे हिसक्यानंच कळतं. खरं कारण एवढंच की बघणाऱ्याला मजा येते. मला हिसका मिळाला तेव्हा माझी पँट ओली झाली होती. त्यावरून वर्षभर मला चिडवलं गेलं. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला हिसका मी स्वतः दिला. एकही सोडला नाही.

थंडीचे दिवस होते. आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. निघताना त्याच्या बायकोनं दोघांसाठी बाजरीच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि दारातून म्हणाली की भाऊजी, तुमच्या भरवशावर पाठवते. लासूर आलं तसा तो खिडकीपासून सरकून आत बसला. गावातल्या कुणी डोक्याचं हेल्मेट पाहिलं तर काय सांगायचं, ही त्याची चिंता. मी मुद्दाम ते हेल्मेट खिडकीत धरून हलवलं. त्यानं माझ्या दंडावर गुद्दा मारला आणि हसला. त्यानंतर तो माझ्यासमोर तसा कधी हसला नाही, म्हणून हे लक्षात राहिलं.

अनकाईला उतरून आम्ही कांद्याच्या वाफ्यांच्या कडेकडेनं चालत डोंगराशी गेलो. मास्तर, गटातले दोघं, मी आणि तो, असे पाच जण. सुळक्याच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा तो मान मागं टाकून वर बघत राहिला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मास्तर आधी चढले. निम्म्यावर एक अरुंद ओटा आहे, तिथल्या बोल्टात त्यांनी दोर ओवला आणि टोक खाली सोडलं. पहिल्यांदा येणाऱ्याला आम्ही त्या ओट्यापर्यंतच नेतो. मित्रानं गाठ बांधली, दोनदा तपासली, मला तपासायला लावली. मग माझ्याजवळ येऊन दुसऱ्यांना ऐकू जाणार नाही असं बोलला.

"दोर तूच धर. दुसऱ्या कुणाला देऊ नको."

मी म्हटलं, मीच धरणार आहे, चल.

तो चढू लागला. पहिले दहा हात त्यानं रडत काढले, हे शब्दशः सांगतोय, त्याच्या नाकातून आवाज येत होता. मागं उभे असलेले दोघं मला कोपरानं ढोसत होते. मग काय झालं कोण जाणे. एका खोबणीत त्याचा पंजा नीट बसला आणि तिथून त्याचा नूरच पालटला. तो घाई करीना, दगड चाचपून बघू लागला, जोर कुठं द्यायचा आणि कुठं नाही हे नटबोल्ट कसताना कळावं तसं त्याला कळू लागलं. ओट्याखाली एक पोट काढलेला दगड आहे. तिथं मी पहिल्या खेपेला तीनदा घसरलो होतो. तो एकदाही घसरला नाही. ओट्यावर जाऊन बसला, पाय खाली सोडले आणि खाली वाकून, टाकीच्या शिडीवर बोटं चिकटलेला हा माणूस, मला ओरडून म्हणाला,

"हे तर काहीच नाय रे. अजून वर जाऊ का?"

मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पहिल्याच खेपेला असा चढणारा त्यांनी पाहिला नव्हता, असं ते खाली आम्हाला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. माझ्याबद्दल असं ते कधी म्हणाले नव्हते. मी आठ वर्षं त्यांच्या मागं फिरतोय.

इथं मला खोटं बोलायचं नाही. त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. त्याची भीती गेली होती, काम राहणार होतं, मुलगी शाळेत राहणार होती आणि हे सगळं माझ्यामुळं झालं होतं. पण मला आनंद झाला नाही. मला राग आला. हा रडत माझ्याकडं आला होता आणि आता मला विचारत होता, अजून वर जाऊ का. तेवढ्यात शेजारच्यानं खिशातून मोबाइल काढला आणि हळूच म्हणाला, आज हिसका देणार ना? मित्र म्हणून सोडणार तर नाही? मी म्हटलं, सोडायचा कशाला, उलट मोठा देतो.

उतरायची वेळ झाली. दोन्ही हात सोडून मागं टेकायचं आणि खालच्यानं हळूहळू सोडायचं, ही उतरण्याची पद्धत. ओट्याच्या काठाशी आल्यावर त्याला पुन्हा भीती वाटली. हात दगडाला आणि नजर माझ्याकडं. सगळी चढण त्यानं स्वतःच्या हातापायांवर केली होती. आता पहिल्यांदाच अंगाचा सगळा भार दुसऱ्यावर टाकायचा होता. तो बराच वेळ तसाच थांबला. मी वर ओरडलो,

"हात सोड. मी धरलंय."

त्यानं आधी एक हात सोडला. मग दुसरा. मग डोळे मिटून मागं टेकला. मी त्याला पाच-सहा हात शांतपणे खाली येऊ दिलं. त्यानं डोळे उघडले, चेहरा सैल झाला, हात बाजूला पसरले. तेव्हा मी दोर सोडला. इतरांना दोन हात सोडतो, त्याला चांगला पुरुषभर सोडला.

तो आईला हाक मारत खाली आला. दोर आवळला तसा गिरकी घेऊन कातळावर आपटला, गुडघा फुटला आणि दातांखाली जीभ सापडली. खाली दोघं हसून लोळत होते. मीही हसलो. त्याला जमिनीवर घेतलं तेव्हा त्याच्या हनुवटीवर रक्त होतं. मास्तरांनी वरूनच टाळ्या वाजवल्या. मी खिशातला गुळाचा खडा काढून त्याच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, झालास बाबा आमच्यातला. त्यानं खडा तोंडात टाकला नाही. खिशातही टाकला नाही. हातातच धरून बसला, आणि आम्ही निघालो तेव्हा तो खडा दगडावर मुंग्यांसाठी राहिला.

परतीच्या गाडीत त्यानं भाकरीला हात लावला नाही, जीभ सुजली होती. मी दोघांच्या वाटणीचं जेवलो. रोटेगाव आलं, वैजापूरची माणसं चढली-उतरली, डब्यात जरा गलका झाला. त्या गलक्यात त्यानं मला विचारलं,

"हातातून निसटला का मुद्दाम सोडला?"

काय सांगायचं ते माझ्या हातात होतं. निसटला म्हटलं असतं तर तो मला कायमचा गबाळ्या म्हणत राहिला असता, गल्लीभर सांगत सुटला असता. मी म्हटलं, मुद्दाम, सगळ्यांनाच देतो, रीत आहे आमची. तो खिडकीबाहेर बघत राहिला. लासूर आलं तेव्हा या खेपेला खिडकीपासून सरकला नाही.

"निसटला असता तर लई बरं झालं असतं," तो म्हणाला.

मी त्याला म्हटलं, बायकांसारखं मनाला लावून घेऊ नको.

परीक्षा त्याच आठवड्यात होती. आठ जण रांगेत होते, ठेकेदाराचा सुपरवायझर खुर्ची टाकून बसला होता. माझ्या शेजारी माझा मदतनीस उभा होता. तो तयार माणूस, मी जेवायला गेलो की दोर तोच धरायचा, कुणाची कधी तक्रार नाही. मित्राची पाळी आली. त्यानं हार्नेस स्वतः बांधला, गाठ तपासली. मला तपासायला लावली नाही. शिडीशी जाऊन थांबला आणि वळला. गेटच्या आत तो मला साहेब म्हणायचाच, पण चेष्टेनं. त्या दिवशी त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

"साहेब, दोर दुसऱ्या कुणाला देता का?"

आठ जणांसमोर आणि सुपरवायझरसमोर त्यानं हे विचारलं. मदतनिसानं हात पुढं केलासुद्धा. मी म्हटलं, नियमात बसत नाही. असा कुठलाही नियम नाही. नियम मीच लिहिले आहेत, मला पाठ आहेत.

तो शिडी सरसर चढला. बीमवर ताठ चालला, खाली बघत चालला, मध्ये थांबून सुटलेली पट्टी नीट केली. आठांत तसा दुसरा कुणी चालला नाही. टोकाला जाऊन तो खाली बसला आणि हातांनी बीम धरून लटकला. मी म्हटलं, हात सोडा. त्यानं एक हात सोडला. दुसऱ्याची बोटं सुटेनात. तो जमिनीकडं बघत नव्हता, माझ्या हातांकडं बघत होता. मी पुन्हा सांगितलं. त्यानं करंगळी सोडली, तिच्या शेजारचं बोट सोडलं आणि पुन्हा दोन्ही हातांनी बीम धरला. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मदतनीस माझ्याकडं बघत होता. सुपरवायझर मोबाइलमध्ये होता. मी तेव्हाही दोर मदतनिसाकडं दिला असता तर वीस आकडे मोजून झाले असते आणि कुणी काही विचारलं नसतं. मी दिला नाही. हा आठ जणांसमोर दाखवून देतोय की माझ्या हातांवर भरवसा नाही, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं.

तो पुन्हा बीमवर चढला, चालत परत आला आणि शिडीनं उतरला. मी फॉर्म पुढं ओढला. नापास झालेल्याच्या फॉर्मवर कारण लिहावं लागतं. चार चौकोन छापलेले आहेत. चक्कर, रक्तदाब, उंचीची भीती आणि इतर. इतरच्या पुढं एक रिकामी ओळ आहे. मी उंचीची भीती या चौकोनात खूण केली आणि फॉर्म त्याच्याकडं सरकवला. त्यानं वाचलं. फिटर होता, कुठल्याही कागदावर न वाचता सही करायचा नाही.

"इथं सही करायची ना?" त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं. त्यानं सही केली. हार्नेस काढून, मी शिकवली होती तशी पट्ट्यांची गुंडाळी करून टेबलावर ठेवला. मी पुढच्याचं नाव पुकारलं.

महिनाअखेरीला गल्लीत टेम्पो उभा राहिला. मी खिडकीतून बघत होतो, बाहेर जाणार नव्हतो. पण त्याची बायको दाराशी आली. तीन रविवार सरावासाठी मी दिलेलं हेल्मेट तिनं धुऊन-पुसून आणलं होतं. ते माझ्या हातात देताना ती ओशाळली होती, जणू चूक तिच्या घरची होती.

"भाऊजी, तुम्ही एवढं केलं त्यांच्यासाठी. पण त्यांना उंचीचं भ्याच लई, त्याला तुम्ही तरी काय करणार?"

म्हणजे त्यानं घरी हिसक्याचं सांगितलं नव्हतं. तिच्या मागं टेम्पो दिसत होता. कपाट, त्यावर गाद्या, गाद्यांवर पलंग असा ढीग टपाच्याही वर गेला होता आणि त्या ढिगाच्या अगदी वर, कशालाही न धरता, तो उभा होता आणि सामानाला दोरी आवळत होता. त्यानं आमच्याकडं बघितलं. तिनं काय म्हटलं ते त्याला ऐकू गेलं होतं.

"हो ना वहिनी," मी म्हटलं. "मी पुष्कळ प्रयत्न केला."

त्यानं गाठ मारली, ओढून तपासली आणि दुसऱ्या बाजूनं खाली उडी मारली.